फणसाचं मटण आणि दोन किलोमीटरचं वर्तुळ

(बनारसमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मेनूकार्डाबद्दल बोलायचंय. विषय हलका वाटेल. पण इथे बसलेले आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहोत आणि आपल्यातल्या कित्येकांनी मेनूकार्ड पहिल्यांदा हातात धरलं ते कॉलेजात आल्यावर. आधी उजवीकडची किंमत वाचायची, मग डावीकडचं नाव, अशी आपली सवय. आज नावांपाशी थांबू.

बनारसच्या शाकाहारी हॉटेलांत बसा. कटहल बिर्याणी, सोया चाप, व्हेज सीख कबाब, व्हेज कीमा. कटहल म्हणजे आपला कच्चा फणस. अस्सीच्या बाजूला परदेशी पाहुण्यांसाठी 'व्हीगन' असंही लिहिलेलं असतं. कबाब, कीमा, चाप हे सगळे शब्द मांसाच्या स्वयंपाकातून आलेले. म्हणजे नाव हवं आहे, मसाला हवा आहे, दाताखाली येणारा तो धागासुद्धा हवा आहे.

आता याच शहरातली दुसरी गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये वाराणसी महानगरपालिकेनं काशी विश्वनाथ मंदिरापासून दोन किलोमीटरच्या आत मांसविक्री बंद करण्याचा ठराव केला. नकाशावर हे वर्तुळ काढून बघा. साडेबारा चौरस किलोमीटर भरतं. पूर्वेकडचा मोठा तुकडा गंगा आणि पलीकडची रेती, तिथे दुकानं नव्हतीच. उरलेल्या भागात दालमंडी येते, नई सडक येते, बेनियाबाग येतो, विणकरांचं मदनपुरा येतं. मांस कापणं-विकणं हा धंदा कुणाचा? कुरेशी मुसलमानांचा आणि खाटकांचा. उत्तर प्रदेशात खाटीक अनुसूचित जातीत मोडतात, हे आपल्याकडून आलेल्यांनी लक्षात ठेवावं.

तर फणसाला मटणाचं नाव लावून मंदिराच्या दारापर्यंत जाता येतं. मटण विकणाऱ्याला दोन किलोमीटर लांब थांबावं लागतं. नकली पदार्थात चव राखली जाते आणि ती चव ज्यांनी घडवली त्यांना वगळलं जातं. मला आज एवढंच दाखवायचंय. हॉटेलवाल्यावर माझा राग नाही. तो गिऱ्हाईक बघतो, वारं बघतो आणि धंदा करतो.

नक्कल मुळात वाईट असते असंही नाही. पूर्वांचल आणि बिहारमध्ये 'बेसन की मछली' करतात. बेसनाचे काप मोहरी-लसणाच्या वाटणात, अगदी माशासारखे. बंगाली लोक कच्च्या फणसाला 'गाछ पाँठा' म्हणतात, झाडावरचा बोकड. याच काशीत बंगालमधून पाठवलेल्या विधवा राहत आल्या. मासळीवर वाढलेल्या त्या बायकांना नवरा गेल्या दिवसापासून मासा बंद. बंगालच्या कित्येक शाकाहारी पदार्थांचं श्रेय विधवांच्या चुलीला देतात, त्यात 'धोकार डालना' येतो. डाळीच्या वड्यांचा रस्सा, आणि 'धोका' म्हणजे फसवणूकच. आपल्या घरीसुद्धा महिनाअखेरीला सोयाबीनच्या वड्यांचा खिमा झालेला आहे. या सगळ्या नकला ज्यांच्या ताटातून काही काढून घेतलं गेलं, त्यांनी केल्या. हॉटेलातली नक्कल दुसऱ्या बाजूनं येते.

कायदाही गमतीशीर आहे. २०२१ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की सोया, बदाम, ओट यांच्या पेयांना 'दूध' म्हणून विकता येणार नाही. दूध हे नाव दुधालाच. हरकत नाही. मग कबाब हे नाव कुणाचं? त्याची राखण करायला कुणी पुढे आलेलं नाही. त्याच वर्षी रितेश आणि जेनेलिया देशमुखांनी वनस्पतीपासूनच्या मांसाची कंपनी काढली, नावातच 'मीट्स'. दुधाच्या नावावर पहारा, मांसाचं नाव मोकळं.

इथेच 'व्हीगन' आणि 'शुद्ध शाकाहारी' यांची फारकत होते. व्हीगन माणूस दूधही घेत नाही. त्याचं म्हणणं खरं धरलं तर बनारसची लस्सी, रबडी, थंडीतली मलइयो, सगळं मेनूवरून उतरेल. तसा ठराव कुणी मांडल्याचं ऐकलंय? देशात सगळ्यात जास्त म्हशी उत्तर प्रदेशात आहेत. आटलेली म्हैस आणि तिचा रेडा पुढे कुठे जातात, हे दूध पिणाऱ्यानं विचारायचं नसतं. करुणेपोटी मांस सोडलेल्या मित्रांशी माझं भांडण नाही, आपल्यातही तसे आहेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये गरजेपोटी मारणं आणि मारण्याची हौस यांत फरक केलाय, त्यावर या मित्रांशी रात्रभर बोलता येईल. पण बाबासाहेबांनीच १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये अस्पृश्यतेचं मूळ गोमांसाशी जोडलं होतं, तेही त्या चर्चेत असू द्या.

आणखी एक. नक्कल कशाची होते ते बघा. कबाबाची, बिर्याणीची, फिश फिंगरची. व्हेज वजडी कुणी करतं का? व्हीगन रक्ती? सोयाच्या चान्या? नाही. कारण नक्कल प्रतिष्ठा असलेल्या पदार्थाचीच होते. आपल्या आज्यांनी उन्हात वाळवलेल्या चान्या खऱ्याही मेनूवर नाहीत आणि खोट्याही नाहीत. त्या सापडतात शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये, जे २०१५ साली आलं. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा करून पुस्तिका काढली होती. समाजशास्त्रात एम.ए. करताना अन्नावर पुष्कळ वाचलं, त्यात हे दोन्ही नव्हतं. मला ते बाहेरून मिळालं.

कुणी म्हणेल, काशी तर शाकाहारीच. २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात उत्तर प्रदेशातले सुमारे ४७ टक्के लोक शाकाहारी निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त मांसाहारी. महाराष्ट्रात शाकाहारी ४० टक्क्यांच्या आसपास. मेनूकार्ड वाचून हे कळणार नाही.

आणि आपण काय करतो? मित्रांच्या घोळक्यात वेटर आला की पटकन 'मला व्हेज' म्हणतो. ते आवडीनं असेल तर ठीकच. पुष्कळदा त्यामागे डबा उघडताना आलेला जुना वास असतो, दुसऱ्यांच्या नाकाला आलेला. आणि भीती उगाच नसते. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये शाकाहारींसाठी वेगळी टेबलं राखली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड बसला. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला दहा हजार म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

माझं प्रबंधाचं काम चालूच राहील. तुमच्याकडून एक हवंय. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं घरच्या एका पदार्थाचं नाव आणायचं, जे कुठल्याच मेनूकार्डावर पाहिलेलं नाही. आईला, आजीला फोन करून कृती विचारा, ती आधी लाजेल, 'ते काय सांगायचं' म्हणेल. पुन्हा विचारा, आणि ती बोलेल त्याच शब्दांत लिहून आणा. जमलं तर शिजवूनही आणा. मोठं पातेलं माझ्या खोलीवर आहे.