पेनड्राइव्हवरचं लिनक्स

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. आता विंडोज ११ न पेलणारा जुना कॉम्प्युटर भंगारात घालायचा का, हा प्रश्न कर्नाटकाच्या सीमाभागात भालकी, औराद, आळंदमध्ये कुणालाही पडू शकतो. घालू नये. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते, आणि तीही फुकट.

लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. त्याच्यासमोर नमुना होता अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्सचा.

लिनक्सच्या प्रकारांपैकी नवख्याने लिनक्स मिंट घ्यावं. २ जीबी रॅमवर ते चालतं, ४ असेल तर बरं. डाउनलोड केलेली फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. रूफससारख्या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवावी लागते. मग कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचा. हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासता येतं. जमलं, तरच इन्स्टॉल करावं. त्याआधी फोटो आणि पहाणीचे (जमिनीच्या उताऱ्याचे) स्कॅन दुसरीकडे उतरवून ठेवावेत.

सीमाभागातल्या घरांची खरी गरज मात्र वेगळी असते. कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये, लग्नाची पत्रिका मराठीत! सेटिंग्जमध्ये दोन्ही भाषांचे इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडले की बोटांना एकच सवय पुरते. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठी क येतो, भाषा बदलली की त्याच कळीवर कन्नड क. 'डी'वर दोन्हीकडे हलन्त. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. दोन्ही लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच क्रमाची, म्हणून हे साधलं. इन्स्क्रिप्ट विंडोजवरही आहे, हे खरं. पण रोमन अक्षरांतून टाइप करायची सवय लागल्यामुळे त्याकडे फारसं कुणी वळत नाही. नवी सिस्टीम शिकतानाच हा कीबोर्डही शिकून घेतलेला बरा.

डीटीपीवाल्यांनी घाई करू नये. पेजमेकर, कोरलड्रॉ लिनक्सवर थेट चालत नाहीत. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूरही तो फॉन्ट नसला की भलत्याच चिन्हांत दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. अशांना विंडोज न काढता त्याच्याशेजारी लिनक्स ठेवता येतं. इन्स्टॉल करताना तसा पर्याय समोर येतो, तोच निवडायचा. 'डिस्क पुसा' हा नव्हे.