पाळीचा रिपोर्ट आणि हाडांची मोजणी

(लोणावळा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, पाळी का जाते, इस्ट्रोजेन काय करतं, हे इथल्या बहुतेकींना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एकच: हॉर्मोनच्या रिपोर्टवरून हाडांचा अंदाज बांधू नका.

पवन मावळातल्या एक काकू. भातलावणीत बांधावरून घसरल्या, हात टेकला, मनगट मोडलं. प्लॅस्टर झालं. मग मुलानं काळजीपोटी हॉर्मोन तपासणीचं पॅकेज घेतलं. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हॉर्मोन, ऐंशीच्या वर! घर हादरलं. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं, तर साठ. ‘उतरलं, हाडं भरायला लागली,’ म्हणत लेक माझ्याकडे पेढे घेऊन आला. (हशा) हसू नका. त्या पोरानं आईच्या मायेपोटी दोनदा पैसे मोजले. आणि तो आकडा सांगत काय होता? अंडाशय थांबले, एवढंच. तो वरखाली होतोच. पंचेचाळिशीनंतर बारा महिने पाळी आली नाही की निदान झालं. त्यासाठी रक्त काढायची सहसा गरज नसते. खरी खूण त्या मनगटात होती. उभ्या उभ्या पडून हाड मोडलं, म्हणजे ते ठिसूळ झालं असावं, ही शंका तिथंच यायला हवी होती. पुढे डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, केली; टी-स्कोअर उणे २.९. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस.

लॅबवाले मित्र समोर बसलेत, त्यांची नाराजी दिसते आहे. अहो, तपासणी खोटी नाही! एफएसएच चढणं आणि हाड झिजणं यांचं नातं खरं आहे. अमेरिकेतल्या ‘स्वान’ अभ्यासात शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीच झीज वेग घेताना दिसली. पण ते अनेक बायकांच्या कित्येक वर्षांच्या नोंदींतून कळलं. एकीच्या एका रिपोर्टात तिचं हाड किती उरलं ते दिसत नाही.

तपासणी हवी कुठे? गर्भपिशवी काढलेल्यांना. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यांनी बारा महिने कशावरून मोजायचे? अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. चाळिशीच्या आत पाळी थांबलेल्यांचंही तेच. तिथं एफएसएच करा, काही आठवड्यांनी पुन्हा करा, आणि मग हाडांकडे वळा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. हॉर्मोनचे उपचार राहिले. तो स्वतंत्र विषय आहे. हाडांसाठी खायचं काय, तर नाचणीबद्दल एवढंच सांगतो: शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ती पानात परत आणा.

आज घरी जाऊन आईला, सासूबाईंना विचारा: पिशवी काढली का, केव्हा? अंडाशयही काढले का? उंची चारेक सेंटिमीटरनं घटली का? किरकोळ पडण्यात हाड मोडलं का? एकाचं उत्तर जरी ‘हो’ आलं, तरी डॉक्टरांना विचारा, ‘हिची डेक्सा करायची का?’