टाकळ्याच्या पानावरील ठिपके

नवी मुंबईत बेलापूर, नेरूळ, खारघर येथील मोकळ्या भूखंडांवर पावसासरशी उगवणारा टाकळा आषाढात कोवळा असेतोवर भाजीसाठी खुडला जातो. पुढे पाने निबर होऊन त्यांवर तपकिरी ठिपके उमटू लागले, की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मला मात्र, ज्यावर कोणी औषध फवारलेले नाही असा हा ठिपका अभ्यासाला पिकावरच्या ठिपक्याहून निर्मळ वाटतो.

हे ठिपके पाडणारी बुरशी कोणती हे विचारण्यापूर्वी पान कोणाचे हे ठरवावे लागते. चार्ल्स चप यांच्या सर्कोस्पोरा बुरशीवरील १९५४ च्या बृहद्ग्रंथाची मांडणीच मुळी आश्रयी वनस्पतींच्या कुलांनुसार आहे. रात्री मिटणाऱ्या पर्णिकांच्या तीन जोड्या, पिवळे फूल आणि बारीक वाकडी शेंग यांवरून टाकळा ओळखता येतो. जुन्या याद्यांत मात्र तो सेना टोरा नव्हे, तर कॅसिया टोरा या नावाने शोधावा.

ठिपक्यात एकात एक वलये दिसली तर अल्टरनेरिया या बुरशीचा, आणि मध्य राखी व कड गडद असेल तर सर्कोस्पोराचा संशय घ्यावा. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. ओल्या टीपकागदावर काचेच्या झाकणाखाली पान एकदोन दिवस ठेवले असता बीजाणू धरतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सर्कोस्पोराचे बीजाणू लांब, निमुळते व केवळ आडव्या पडद्यांचे, तर अल्टरनेरियाचे तपकिरी, गदेच्या घाटाचे व आडव्याबरोबर उभ्या पडद्यांचेही दिसतात. त्यातही अल्टरनेरिया मेलेल्या पानावर मागाहून आयती वस्तीला येणारी. ती सापडली एवढ्यावरून तिच्यावर गुन्हा शाबीत होत नाही. तिचे बीजाणू निरोगी रोपावर शिंपडून तसाच ठिपका उमटला, आणि त्यातून तीच बुरशी पुन्हा हाती लागली, तरच निवाडा द्यावा.

हा खटाटोप तणासाठी कशाला, असे विचारणाऱ्यांना एक दाखला देतो. ज्या १९७० साली नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, त्याच साली नागराज आणि पोन्नप्पा या भारतीय संशोधकांनी जलपर्णीची पाने करपविणाऱ्या एका नव्या अल्टरनेरियाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे जलपर्णीच्या बंदोबस्तासाठी ती उपयोगी पडेल काय, याची तपासणी होत राहिली.

ठिपकेदार पानाचा नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो रातोरात कुजतो. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, कागद रोज बदलून वाळवावा, आणि सोबत स्थळ, तारीख व वनस्पतीचे नाव लिहून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या, बुरशींचा संग्रह राखणाऱ्या ठिकाणी दाखवावा. फुलाशेंगांसह एक डहाळी त्याबरोबर अवश्य असावी.