संचाची निवड आणि ‘जर–तर’चें बंधन

वक्तृत्वस्पर्धेसाठीं पांच मुलांतून तिघांचा गट निवडावयाचा आहे. मुलांना आपण अ, ब, क, ड, इ म्हणूं. अट एकच : अ ला घेतलें, तर ब लाहि घेतलेंच पाहिजे. हें काम संगणकाकडे सोंपविलें तर काय होईल?

१९७२ सालीं फ्रान्समध्यें, मार्सेय येथें, कोल्मेरोएर व त्यांचे सहकारी यांनीं प्रोलॉग ही संगणकभाषा रचिली. तींत हिशेबाच्या पायऱ्या सांगावयाच्या नसतात. काय खरें आहे तें सांगावयाचें. पुढें तिच्या तर्काला निर्बंधांची जोड मिळाली, आणि १९९४ मध्यें कार्मेन गेर्वे यांनीं संचांचे निर्बंध हाताळणारी ‘कॉन्जुंतो’ ही भाषा प्रसिद्ध केली. त्यांतील युक्ति मला फार आवडते. अज्ञात संचाच्या दोन याद्या ठेवावयाच्या : एक निश्चितांची, दुसरी संभाव्यांची. आरंभीं आपली पहिली यादी रिकामी, दुसरींत पांचहि जण. पहिली वाढत जाते, दुसरी घटत जाते. दोन्ही एक झाल्या कीं संच ठरला.

खरी मेख ‘जर–तर’मध्यें आहे. प्रोलॉगमधील नेहमींचें ‘जर’ तेथल्या तेथें निकाल मागतें. ‘अ गटांत आहे’ या निर्बंधाला अद्याप कोणाची हरकत नसते. म्हणून यंत्र त्याला गटांत घालूनच मोकळें होतें, आणि मागें फिरत नाहीं! पाठोपाठ ब येतो. आतां ब आजारी पडल्याचें कळवा. यंत्र म्हणतें, गट होणें नाहीं. क, ड, इ तर तयार उभे आहेत! ज्याला ही खोंच ठाऊक नाहीं, तो स्पर्धाच सोडून देईल.

यावर उपाय असा. प्रत्येक मुलामागें एक अंक धरावा : गटांत असेल तर १, नसेल तर ०. मग अट एवढीच उरते, कीं अ चा अंक ब च्या अंकाहून मोठा नसावा. अंक अज्ञात असतील तोंवर ती मुकाट्यानें वाट पाहते. ब चा अंक ० झाला, कीं अ चाहि ०. संभाव्य तिघेच उरले, हवेत तिघेच, तेव्हां तेच निश्चित. एकहि अंदाज करावा लागला नाहीं. वीस मुलांचे निरनिराळे संच १०,४८,५७६ होतात; ते एकेक तपासीत बसण्यापेक्षां हें बरें.

‘जर’मध्यें सबंध संच आला, म्हणजे मात्र धीर अधिक लागतो. ‘पहिला संच दुसऱ्यांत सामावला असेल, तर’ अशी अट घ्या. तें खरें ठरावयास पहिल्याचे सारे संभाव्य दुसऱ्याच्या निश्चितांत यावे लागतात. खोटें ठरावयास पहिल्याचा एकच निश्चित दुसऱ्याच्या संभाव्यांबाहेर सांपडला तरी पुरे. यांपैकीं कांहींच घडलें नाहीं, तोंवर ‘तर’ला हात लावतां येत नाहीं.