सबवूफर घेण्याआधी खुर्ची हलवून बघा
(या भागाची लिखित प्रत)

बऱ्याच श्रोत्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो: ‘स्पीकर चांगले घेतले, पण डग्गा घुमतच नाही. सबवूफर घेऊ का?’ घ्या की, पण त्याआधी अर्धा तास खोलीला द्या. खर्ज बहुतेक वेळा खोलीत असतो, फक्त तुमच्या खुर्चीपाशी नसतो.

सगळ्यात आधी वायरी बघा. दोन्ही स्पीकरना लाल ते लाल, काळी ते काळी जोडलीय ना? एका बाजूला उलटी झाली, की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि बास एकमेकांना खाऊन टाकतो. ओळखायचं कसं? गायकाचा आवाज मधोमध न येता इकडेतिकडे पसरलेला वाटतो. फुकटातली दुरुस्ती आहे ही.

आता खोली. माझी खोली १२ बाय १० फुटांची, फ्लॅटमधली साधी बेडरूम. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं की येतात ४७ हर्ट्झ. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची असते, म्हणजे आपण तिच्या शेजारीच आहोत. या ४७ला होतं काय, तर जाणारी लाट आणि भिंतीवरून परतणारी लाट मिळून खोलीत जणू उभीच राहते. भिंतींपाशी जोर, आणि मध्यावर जवळपास शून्य! आणि आपण खुर्ची कुठे टाकतो? बरोबर मध्यावर.

करून बघा. मोबाईलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, तुमच्या खोलीचा आकडा लावा, आवाज बेताचा ठेवा आणि एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत चाला. आवाज मध्ये विरतो आणि पुढे परत येतो. कोपऱ्यातसुद्धा काहीच ऐकू आलं नाही, तर मात्र तुमचा स्पीकरच तितका खाली उतरत नाही. लहान स्पीकरचं असंच असतं. तिथे सबवूफरचा खर्च रास्त आहे.

विरण्याची जागा सापडली, की खुर्ची तिथून हलवा. सुरुवातीला पाठीमागची भिंत साडेचार फुटांवर ठेवा, मग वीतभर पुढेमागे करून कानाने ठरवा. भिंतीला अगदी टेकून मात्र बसू नका, तिथे नुसता गडगडाट होतो.

स्पीकरमागची भिंतही खोडी करते. स्पीकर तिच्यापासून १ मीटरवर असेल, तर मागे जाऊन परतलेला आवाज साधारण ८६ हर्ट्झला उलटा येऊन मिळतो, आणि तिथे खड्डा पडतो. स्पीकर भिंतीजवळ सरकवला की खड्डा वरच्या पट्टीत सरकतो.

‘इक्वलायझरने वाढवलं तर?’ खड्डा तसा भरत नाही. तुम्ही आवाज वाढवलात, की त्याला मारणारी परतीची लाटही तेवढीच वाढते. वर १० डेसिबल वाढवायचे तर ॲम्प्लिफायरला दहापट ताकद लागते. इक्वलायझर वापरायचा तो फुगलेला भाग खाली आणायला.

आणि तो दोन इंची फोम? ४७ हर्ट्झची लाट सात मीटरहून लांब असते, तिला तो जाणवतही नाही. तो वरचे स्वर तेवढे शोषतो आणि गाणं मलूल करतो.

सबवूफर घेतलाच, तर तो आधी ऐकायच्या खुर्चीवर ठेवा, बासचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. घरचे हसतील, हसू द्या! जिथे बास सगळ्यात सारखा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा.

तर मंडळी, टेप, कान आणि सरकणारी खुर्ची, आजच्यापुरतं एवढंच सामान. तुमच्या खोलीची लांबी-रुंदी आणि आवाज कुठे विरतो ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.