खुर्चीवर बाई बसली, पुढे काय?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळात नाव कमावलेली बाई राजकारणात गेली की आपल्याला बरं वाटतं. चला, आपली एक तिथं पोचली! पण ती कुणाच्या बळावर पोचली आणि कुणाला जबाब देणार, हे विचारायचं राहून जातं. विनेश फोगाटच्या निमित्तानं तेच आज विचारू या.

विनेश हरियाणातल्या बलाली गावची. लहानपणीच वडिलांचा खून झाला, आईनं एकटीनं वाढवलं, काकांनी कुस्ती शिकवली. २०१८ साली आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. तीच विनेश जानेवारी २०२३ मध्ये साक्षी मलिक, बजरंग पुनिया यांच्यासोबत दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसली. कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मुलींचा लैंगिक छळ करतात, अशी तक्रार होती. अध्यक्षांनी आरोप नाकारले.

सरकारनं चौकशी समिती नेमली. तिच्या प्रमुख मेरी कोम, राज्यसभेच्या माजी नियुक्त सदस्य. महासंघात कायद्याप्रमाणे तक्रार समितीच नव्हती, हे या चौकशीत निघालं. पण पूर्ण अहवाल लोकांपुढे आला नाही. एप्रिलमध्ये मुली पुन्हा रस्त्यावर बसल्या. तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष आणि राष्ट्रपतिनियुक्त खासदार पी. टी. उषा यांनी याला बेशिस्त म्हटलं. पुढे त्या मुलींना भेटायला गेल्या, पण तो शब्द जिव्हारी लागायचा तो लागलाच.

मुलींनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कुठे २८ एप्रिलला गुन्हे नोंदवले गेले. २८ मे रोजी नव्या संसदेकडे निघालेल्या या मुलींना पोलिसांनी फरफटत नेलं. अल्पवयीन मुलीचं प्रकरण मे २०२५ मध्ये बंद झालं. इतर तक्रारींवर न्यायालयानं मे २०२४ मध्ये आरोप निश्चित केले होते.

उषाताई आणि मेरी कोम यांना नावं ठेवून आपलं भागणार नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सेकंदाच्या शंभराव्या भागानं पदक हुकलेल्या उषाताईंबद्दल मला आदरच आहे. पण नेमणुकीनं मिळालेली खुर्ची नेमणाऱ्याकडे बघते. आपल्या गावातही हे आपण पाहतो. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, तरी कित्येक ठिकाणी सही सरपंचबाईची आणि कारभार नवऱ्याचा.

विनेशची वाट वेगळी. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ती अंतिम फेरीत पोचली आणि वजन १०० ग्रॅम जास्त भरल्यानं बाद झाली. सप्टेंबरमध्ये तिनं काँग्रेसमध्ये प्रवेश केला आणि ऑक्टोबरमध्ये जुलानातून ६,०१५ मतांनी निवडून आली. तिला लोकांनी मतं दिली, म्हणजे लोकांना तिला जाब विचारता येतो. तिकीट मात्र पक्षाचंच आहे. उद्या तिच्याच पक्षातल्या पुरुषाविरुद्ध एखादी मुलगी उभी राहिली तर विनेश कुठे बसेल? तिची खरी परीक्षा तिथं होईल. आणि साक्षी राजकारणात गेली नाही, म्हणून तिची लढाई कमी ठरत नाही.

आता आपलं काम. २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण हीसुद्धा कामाची जागा धरली आहे. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. परत गेल्यावर आपापल्या तालुक्यातल्या तालमीत, क्रीडासंकुलात जा. समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हे विचारा. आणि मैदानावरच्या मुलींनाही विचारा, "तुला त्या बायकांची नावं माहीत आहेत का गं?" तिला ती माहीत नसतील, तर समिती फक्त कागदावर आहे असं समजा आणि तिथून कामाला लागा.