एक कीबोर्ड, दोघांची गरज

बचत गटाच्या बैठकीत हल्ली हळद, शिलाई मशीन आणि मुलांच्या फीबरोबर आणखी एक खर्च निघतो. मुलगा म्हणतो, 'आई, गेमिंगचा मेकॅनिकल कीबोर्ड घे.' मुलगी टायपिंगच्या क्लासला जाते. तिलाही घरी सराव करायचा असतो, पण ती मागत नाही. आजच्या भाषणात आम्ही हेच बोलणार आहोत: मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे काय, तो परवडतो का, आणि घ्यायचाच तर दोघांच्या उपयोगाचा कसा निवडायचा.

आपल्या वाईला टायपिंगचं काम नवीन नाही. मराठी विश्वकोशाचं काम याच गावात चालत आलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला. तेव्हा टाइपरायटर होते. गोदरेजने भारतात टाइपरायटर बनवायला 1955 साली सुरुवात केली आणि 2009 च्या सुमारास ते बनवणं थांबवलं. आता टायपिंगची परीक्षाही संगणकावर होते. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांच्या वेगाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे आपल्या मुलीच्या बोटांचा वेग ही तिच्या नोकरीची एक पायरी आहे. हे आधी ध्यानात घेऊ, मग मुलाच्या खेळाकडे वळू.

आता यंत्राचं. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराचा एकच पातळ पडदा असतो. बटण दाबलं की रबराचा फुगवटा खाली बसतो आणि अक्षर उमटतं. असा कीबोर्ड चार-पाचशे रुपयांत मिळतो. काम भागतं, पण वापरून वापरून रबर मऊ पडतं. मग एखादं अक्षर उठत नाही, तर एखादं दोनदा उठतं. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. त्यात छोटी स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. बटण साधारण चार मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर निम्म्या वाटेवरच उमटतं. त्यामुळे बोट तळापर्यंत आपटावं लागत नाही आणि प्रत्येक बटणाचा दाब सारखा राहतो. साधं बटण पन्नास लाख ते एक कोटी वेळा दाबता येतं आणि मेकॅनिकल पाच कोटी वेळा, असं कंपन्या सांगतात. साधे मेकॅनिकल कीबोर्ड दीड हजाराच्या आसपास सुरू होतात. दोन-अडीच हजारांत बऱ्यापैकी मिळतो. त्यापुढचे पैसे बहुतेक दिव्यांचे आणि दिखाव्याचे.

स्विचचे तीन मुख्य प्रकार रंगावरून ओळखतात. निळा स्विच दाबताना टिकटिक वाजतो आणि बोटाला अडथळा जाणवतो. तपकिरीत अडथळा जाणवतो, पण टिकटिक नसते. लाल स्विच सरळ खाली जातो. त्याला ना आवाज ना अडथळा, आणि दाब साधारण 45 ग्रॅम. हे रंग चेरी नावाच्या जर्मन कंपनीने रूढ केले. आता गॅटेरॉन, काइल, आउटेमू अशा चिनी कंपन्याही तेच रंग वापरतात आणि स्वस्त कीबोर्डात बहुधा त्यांचेच स्विच असतात. बँकेत किंवा दुकानाच्या बिलिंग काउंटरवर खटखट वाजणारा जाड काळा कीबोर्ड तुम्ही पाहिला असेल. टीव्हीएस गोल्ड हा त्याच जातीचा, निळ्या धाटणीचा. टायपिंगला तो उत्तम, पण रात्री आजी झोपलेली असताना दोन खोल्यांच्या घरात नकोसा होतो. खेळणाऱ्या मुलांना लाल आवडतो, कारण एकच बटण भरभर दाबता येतं. पण नवशिक्या टायपिस्टचा हात चुकून लाल बटणावर टेकला तरी अक्षर उमटतं. म्हणून ज्या घरात खेळ आणि टायपिंग दोन्ही चालणार, तिथे आमचं मत तपकिरीला.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि फसगत इथेच जास्त होते. मुलांना छोटा, 61 बटणांचा कीबोर्ड सुबक वाटतो. त्यात वरची एफ-वन ते एफ-ट्वेल्व बटणं नसतात, बाणांची नसतात आणि उजवीकडचे आकडेही नसतात. आता पाहा, टॅलीत पेमेंटची नोंद एफ-फाइव्हने होते आणि विक्रीची एफ-एटने. गटाचा जमाखर्च भरताना आकड्यांचा उजवा भाग नसला तर वेळ दुप्पट लागतो. जुन्या मराठी-हिंदी फॉन्टमध्ये काही अक्षरं ऑल्टचं बटण दाबून उजवीकडच्या आकड्यांनी काढावी लागतात. तेही छोट्या कीबोर्डवर जमत नाही. म्हणून घरात हिशेब आणि मराठी टायपिंग असेल तर 104 बटणांचा पूर्ण कीबोर्ड घ्या. जागा फारच कमी असेल आणि हिशेब करायचा नसेल, तर 87 बटणांचा चालेल. त्यात आकड्यांचा उजवा भाग तेवढा नसतो.

मैत्रिणी विचारतात, 'याच्यावर मराठी अक्षरं कुठे आहेत?' अक्षरांची मांडणी कीबोर्डात नसते, संगणकात असते. विंडोजमध्ये मराठी भाषा सुरू केली की इन्स्क्रिप्ट मांडणी फुकट मिळते. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला येतात. टाइपरायटरच्या वळणाची रेमिंग्टन मांडणी वेगळी. आपल्या क्लासमध्ये कोणती शिकवतात ते आधी विचारा आणि घरी तीच ठेवा. सुरुवातीला बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले तरी हरकत नाही. पण परीक्षेला खाली न बघता टाइप करायचं असतं, म्हणून स्टिकरची सवय लवकर सुटली तर बरं. आणखी एक: परीक्षेला आपला कीबोर्ड नेता येईलच असं नाही. शेवटचे पंधरा दिवस क्लासमधल्या साध्या कीबोर्डवरही हात बसवून घ्यावा.

आता दुकानात काय पाहायचं. पहिलं म्हणजे खोक्यावरचे शब्द नीट वाचा. 'मेकॅनिकल फील' किंवा 'सेमी मेकॅनिकल' लिहिलं असेल, तर आत बहुधा रबरच असतं, वरून रंगीत दिवे. एक बटण उपटून दाखवा म्हणावं. खाली स्वतंत्र स्विच दिसला तरच तो मेकॅनिकल. दुसरं, स्पेस आणि एंटरची लांब बटणं कडेला दाबा. ती अडकली किंवा खुळखुळली तर दुसरा नग मागा. तिसरं, पाच-सहा बटणं एकदम दाबून सगळी उमटतात का ते संगणकावर बघा. खेळात पळणं, उडी आणि नेम एकाच वेळी लागतं. याला दुकानदार अँटी-घोस्टिंग म्हणतात. चौथं, स्विच बदलता येतात का विचारा. त्याला हॉट-स्वॅप म्हणतात. एखादा स्विच बिघडला तर डाग न देता घरच्या घरी बदलता येतो, सगळा कीबोर्ड टाकावा लागत नाही. पाचवं, पक्कं बिल आणि वॉरंटी. ऑनलाइन मागवला तर परत करण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येक बटण तपासून घ्या.

बटणांच्या टोप्या दोन तऱ्हेच्या प्लास्टिकच्या असतात. एबीएसच्या वर्षभरात गुळगुळीत होऊन चकाकतात, पीबीटीच्या जास्त टिकतात. हळदीच्या दिवसांत कुटाची धूळ घरभर उडते, म्हणून काम झालं की कीबोर्डवर कापड टाका. महिन्यातून एकदा उलटा करून झटका आणि रंगाच्या कोरड्या ब्रशने साफ करा. चहा सांडला तर आधी वायर काढा, उलटा ठेवा, दोन दिवस वाळू द्या. मेकॅनिकल कीबोर्ड उंच असतो. मनगट वर वाकत असेल तर समोर टॉवेलची घडी ठेवा, नाहीतर तासाभरात हात दुखतो.

पैशाचं शेवटी सांगतो, कारण ते सगळ्यांत अवघड. क्लासची फी अजून भरायची असेल, तर आधी फी. मुलगी नुकतीच शिकायला लागली असेल, तर पाचशेचा साधा कीबोर्ड पुरे. मेकॅनिकल नाही म्हणून कुणी परीक्षेत नापास होत नाही. रोज तासभर सराव होत असेल, घरी बिलं-फॉर्म भरायचं काम असेल आणि मुलगाही वापरणार असेल, तेव्हा दोन हजार सत्कारणी लागतात. फोनवरच्या झटपट कर्जाने घेऊ नका. गटातून अंतर्गत कर्ज घ्या, तीन-चार हप्त्यांत फेडा. गल्लीतल्या चार मुली टायपिंगला जात असतील तर गटाने मिळून एक घेऊन वेळ वाटून द्यावी, हेही जमण्यासारखं आहे.

आणि घरात एकच कीबोर्ड आला तर तो कुणाच्या हातात किती वेळ, हे पहिल्याच दिवशी ठरवा. मुलाचा हट्ट मोठ्याने ऐकू येतो, मुलीची गरज गप्प बसते. सकाळी सहा ते सात किंवा क्लासहून आल्यावरचा एक तास तिचा, असं कागदावर लिहून भिंतीला लावा. खेळ त्यानंतर. भावाला खेळून जी बटणं पाठ होतात, तीच बहिणीला पगार मिळवून देतील. दोघांचं भलं होईल असाच निवडा, सवडीने आणि पारखून.